उलटं उतरणं

थीम पार्कमधल्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना बघण्यासारखा असतो. आदल्या पहाटे बंद पाळण्यांच्या आणि कोरड्या घसरगुंड्यांच्या मधून दहा किलोमीटर पळालेली माणसं आता कठडा धरून, पायरीपायरीला "आई गं" करत नाश्त्याला निघालेली असतात. त्यांत मीही होते, आणि जरा घुश्शातच होते. पुण्याहून एवढा प्रवास करून आले, आणि शर्यतीत नंबर लागला कुठेतरी शेवटाकडे. मिळालेलं पदक पर्सच्या तळाशी ढकलून दिलं होतं.

माझ्यापुढे एक साठीच्या बाई होत्या. पंजाबी ड्रेस, गळ्यात कालचं पदक तसंच. त्या चक्क उलट्या उतरत होत्या, तोंड वर माझ्याकडे करून.

"अशा उतरा," त्या म्हणाल्या. "मांड्या कमी ओरडतात."

"तुम्ही कितव्या आलात?" मला राहवलं नाही.

"शेवटची!" त्यांनी पदक उचलून दाखवलं. "माझ्या मागे फक्त ॲम्ब्युलन्स. पण अख्खं पार्क मीच बघितलं हो. बाकीचे नुसते पळाले."

मीही वळले. खरंच, दुखणं कमी झालं. एरवी जिना उतरताना अजून किती उरलंय तेवढंच दिसतं. आता मागे टाकलेल्या पायऱ्यांची चळत डोळ्यांसमोर वाढत होती, आणि ती चांगली उंच होती. असं मागचं बघत, हसत उतरायला या बाई कुठे शिकल्या असतील?

नाश्त्याच्या रांगेत मी पर्समध्ये हात घातला, पदक काढलं आणि गळ्यात घातलं.