पंचायतीच्या दारातला बिंदू

विमलताई गेल्याचे कळले तेव्हा मी एका सादरीकरणात होतो. पडद्यावर आमच्याच अहवालातला नकाशा होता. घनसावंगी तालुक्यातल्या प्रत्येक गावावर एक निळा ठिपका, म्हणजे तिथे पाणी पोहोचले. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कमलचा, फोन आला. "ताई गेली, सर. छातीत कळ आल्ती..." मी फोन ठेवला, उरलेला नकाशा समजावून सांगितला आणि टाळ्याही घेतल्या.

आमच्या संस्थेसाठी ताई गावोगाव सर्वेक्षण करत. त्यांची एक रीत होती. प्रश्नावली भरून झाली की ती त्या घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवत. "तुमच्या नावानं काय लिहिलं ते तुम्हाला ठाऊक पाहिजे," म्हणत. बायका चुका काढत, भांडत, हसत. मगच ताई पुढच्या दारी जात. आम्ही त्याला वेळेचा अपव्यय म्हणत असू.

चूक माझी होती, आणि ती शिकलेल्या माणसाचीच चूक होती. पाण्याचे अंतर मोजण्यासाठी मी प्रत्येक गावाचा एकच बिंदू धरला: ग्रामपंचायतीचे कार्यालय. ताईंच्या गावात नळ पंचायतीच्या दारातच होता; म्हणजे अंतर जवळजवळ शून्य. ओढ्यापलीकडची बौद्धवस्ती या मोजमापात उरलीच नाही. ताईंनी तिथली दारोदारची अंतरे मोजून आणली, तेव्हा मी म्हणालो, "ताई, पद्धत मध्येच बदलता येत नाही."

"मंग तुमच्या बिंदूलाच विचारा, सर," त्या म्हणाल्या. "तो पंचायतीत खुर्चीवर बसून पाणी पिऊन राह्यला. हंडा आम्ही उचलून राह्यलो."

सगळे हसले. मीही हसलो. त्या 'आम्ही'कडे मात्र मी लक्ष दिले नाही. त्यांच्या नोंदी परिशिष्टात गेल्या. पुढे 'अहवालाचा सूर बिघडतो' असे वरून आले, तेव्हा परिशिष्टही गेले, आणि खाली सही माझी होती. त्याच नकाशावरून गावाची नळयोजना पूर्ण झाल्याचे ठरले. वस्तीची जलवाहिनी रद्द झाली.

शोकसभेत संस्थेने त्यांना 'तळागाळाचा आवाज' म्हटले. तो आवाज कापणारी माणसे पहिल्या रांगेत बसली होती. मी त्यांच्यातच होतो. आयुष्यभर मी हळू बोललो आणि त्यालाच सभ्यता समजत आलो. आज त्या हळू बोलण्याचा मला संताप येतो... ज्या बैठकीत परिशिष्ट गळाले तिथे ओरडण्याचीही गरज नव्हती. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता.

गेल्या आठवड्यात आमचा अहवाल चुकीचा असल्याचे पत्र माझ्या सहीने पाणीपुरवठा खात्याकडे दिले आणि प्रत घेऊन कमलकडे गेलो. पत्ता विचारत ओढा ओलांडला, तेव्हा प्रथमच कळले की ताईंचे घर त्याच वस्तीत होते. इतक्या वर्षांत मी विचारलेच नव्हते.

कमलने पत्र वाचून घडी घातली. "बराबर हाय. पण पाणी कधी?"

तिने चुलीजवळचा स्टीलचा हंडा उचलून माझ्या हाती दिला. "हा ताईचा. कामावर निघायच्या आधी दोन खेपा करायची. चला."

पंचायतीच्या नळावर हंडा भरून परतताना ओढ्याच्या चढावर पाय घसरला. खांद्यावरच्या हंड्यातले निम्मे पाणी अंगावर सांडले. दारात हंडा टेकवून मी माफी मागू लागलो. कमलने हंड्यात डोकावून पाहिले.

"एवढ्या पाण्यात डाळ बी शिजायची न्हाई, सर. चला परत."