फोटो परत मिळेल

माझ्या तोंडावर चहाचा ग्लास ठेवलेला होता.

रामनगरचं एक किराणा दुकान. गल्ल्याच्या टेबलावर जाड काच. काचेखाली फोटो. सगळे पोरींचे. तीन ओळींत, पत्त्यांचा डाव मांडावा तसे मांडलेले. सगळ्यात खालच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात, माझा. त्याच्यावर अर्धा प्यालेला ग्लास. ग्लासाच्या बुडाचं ओलं कडं बरोबर माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आलेलं.

बाकड्यावर दोन दोस्त बसले होते. टेबलामागं तो. ज्याला मी चार पत्रं लिहिली होती, तो. त्यानं मान वर केली.

"काय पायजे गे?"

खाली मी, समोर मी. आणि त्याला ओळख पटली नाही.

तिथवर मी कशी गेले ते आधी सांगते.

मी दिग्गीकडच्या एका वाडीतली. वाडीतून बसपर्यंत दोन तास चालायचं, मग तालुक्याचं गाव जोयडा, मग पुढं काय असेल ते. वडील मी लहान असताना गेले. आई भात लावते आणि जंगलखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जाते. भाऊ गोव्यात खाणीवर. मी दहावी झाले आणि आमच्याच वाडीत अंगणवाडीची बाई झाले. वय सव्वीस. आमच्याकडं सव्वीस म्हणजे लोक विचारायचंसुद्धा सोडून देतात.

आमच्यात सोयरीक पायवाटेनं येते. ह्या वाडीतून त्या वाडीत. मला ती नको होती असं नाही. पण शिकलेली पोर म्हटलं की पायवाट आमच्या दारावरून सरळ पुढं जायची.

जोयड्याला महिन्याची मीटिंग असायची. तिथं बेळगावच्या एका पेपरची रविवारची पुरवणी पडलेली दिसली. त्यात स्थळांच्या जाहिराती. एक मी चारदा वाचली. वर, स्वतःचा धंदा, निर्व्यसनी. मुलगी शिकलेली हवी. पोटजातीची अट नाही. फोटोसह लिहा. खाली बॉक्स नंबर, आणि शेवटी तीन शब्द: फोटो परत मिळेल.

त्या तीन शब्दांना मी भुलले. आता हसायला येईल. पण मला तेव्हा खरंच वाटलं, जो माणूस दुसऱ्याची वस्तू परत द्यायचं आधीच कबूल करतो, तो माणूस नीट असणार.

फोटो दांडेलीला काढला. आमच्या वाडीत येणाऱ्या नर्सबाईंची साडी मागून नेसले. स्टुडिओवाल्यानं खिळ्याला अडकवलेला मोत्यांचा हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, हनुवटी खाली, डोळे वर. प्रत एकच घेतली. मागं नाव, पत्ता लिहिला आणि पाठवून दिला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं, खाली रामनगरच्या दुकानाचा पत्ता. "तुमचं अक्षर बघून वाटलं, आपली ओळख जुनी आहे." हे त्याचं पहिलं वाक्य. मी ते पत्र इतक्यांदा उघडलं की घडीवर कागद फाटला. आमच्याकडं टपाल आठवड्यातून दोनदा यायचं. त्या दोन दिवशी मी पोरांना गाणी जास्त शिकवायची. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले. कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघतंय, ह्यात नशा असते. मला ती चढली होती.

मी त्याला सगळं लिहिलं. जळवा लिहिल्या. पावसात वाडीची वाट तुटते ते लिहिलं. आई शेताच्या कडेनं कंद लावते आणि सुगी सरली की आम्ही तेच उकडून खातो, तेही लिहिलं. चौथ्या पत्रात लिहिलं, मला वाघाची भीती वाटत नाही, बोलायला कुणी नसताना म्हातारी व्हायची वाटते. हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चौथ्या पत्राला उत्तर आलं नाही. सात महिने आलं नाही. मी तीन कार्डं टाकली. लग्नाचं राहू दे, फोटो तेवढा पाठवा. त्यालाही काही नाही. एवढ्यात अणशीचं एक स्थळ आलं आणि त्यांनी फोटो मागितला. आई म्हणाली, "जा, घेऊन ये. आपली वस्तू हाय. भीक मागायला न्हाई चाललीस."

म्हणून गेले.

आता त्या टेबलापाशी परत येते. मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. आधी नाही आला. आधी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी बाकीच्या पोरी बघितल्या. हिचं नाक बसकं. ही जाड. हिचे दात पुढं, तरी ही वरच्या ओळीत कशी? तोंडावर चहाचा ग्लास घेऊन मी दुसरीचं नाक मोजत होते. त्या दुकानात तेव्हा चौथं गिऱ्हाईक मीच होते.

मग हार दिसला.

माझ्या गळ्यातला. मधल्या ओळीतल्या एका पोरीच्या गळ्यातही तोच. वरच्या ओळीतल्या एका गोऱ्या पोरीच्याही तोच. तोच पडदा मागं, तीच हनुवटी खाली, तेच डोळे वर. तिघींच्या गळ्यात एकाच खिळ्यावरचा हार. मी त्या गोरीच्या फोटोकडं बघत राहिले. तीही कुणाची तरी साडी मागून नेसली असणार. तिनेही कार्डं टाकली असणार.

"माझा फोटो पायजे," मी म्हटलं.

"कुठला फोटो?"

मी ग्लासाशेजारी बोट ठेवलं. तिघांनी खाली बघितलं, मग माझ्याकडं, मग परत खाली. आणि हसले.

"फोटोत बरी दिसतीस की," बाकड्यावरचा एक म्हणाला.

आतून त्याच्या आईनं विचारलं, "कोण आलंय रे?"

"ती रानातली गे आई. कंद खाणारी."

पडदा सरकला. तिनं मला पायांपासून वर बघितलं. चप्पल लाल मातीनं भरली होती. "फोटो मागायला पोरगी सवता येती व्हय? घरात मोठं माणूस कोण न्हाई तुझ्या?"

मी त्याच्याकडंच वळले. त्याला म्हटलं, "सात म्हैने झाले. परत देतो म्हणून छापलं हुतं तुम्ही."

"असूंदे की. सुम्ने ठेवलेत, उगंच. गिऱ्हाईकं बघत्यात, गंमत करत्यात. तुझं काय झिजलं व्हय त्यात?"

मग तो बाकड्यावरचा दुसरा बोलला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बोलायला कोण न्हाई म्हणून भ्या वाटतंय न्हवं तुला? बस की हितं. आमी बोलतो."

ते वाक्य माझं होतं. चौथ्या पत्रातलं. त्या बाकड्यावर बसून त्यांनी ते वाचलं होतं. किती जणांनी, किती वेळा, कोण जाणे. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. उलट डोकं एकदम स्वच्छ झालं.

मी चहाचा ग्लास उचलला आणि बाजूला ठेवला. मग गोळ्यांची बरणी उचलली, खाली ठेवली. मग उदबत्त्यांचा खोका. कुणी अडवलं नाही. बाई उष्टा ग्लास उचलते, आवरते, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी टेबल मोकळं केलं. दोन्ही हातांनी काच उचलली आणि भिंतीला टेकवून उभी केली. मग फोटो गोळा करायला लागले. माझा नाही. सगळे.

तेव्हा त्याला कळलं. त्यानं मनगट धरलं.

"तुझा घे. बाकीचे ठेव."

"का? त्यांच्या बानं काय तुला दिल्यात?"

"माझ्या नावानं आल्यात ते."

"फोटो परत मिळंल म्हणून तू छापलंस. तुला जमंना झालंय. मी देते."

दुकानासमोर माणसं उभी राहिली होती. त्यात आमच्या वाडीकडचेही दोघं होते, मीठ-तेल न्यायला आलेले. माझ्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

हात सुटला तो माझ्या बोलण्यानं नाही. त्याची आई आतून म्हणाली, "सोड रे. शिवू नको तिला. आंघोळ करायला लागंल." त्यानं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. पोटजातीची अट नाही, असं छापणाऱ्यानं.

फोटो तेवीस होते. मी पदरात बांधले आणि बस धरली.

मी वाडीत पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जोयड्याच्या जीपवाल्यांच्या तोंडच्या बातमीला पाय लागत नाहीत. अणशीचं स्थळ मोडलं. भाऊ गोव्याहून आला तो ओरडतच. "नाक कापलंस. बाजारात जाऊन दुकान फोडलंस म्हणं." मी दुकान फोडलं नव्हतं. काचेला चरासुद्धा पडला नव्हता. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "मिळाला न्हवं?"

"मिळाला."

"मग झालं."

बाकीचे बावीस मी टपालानं पाठवले. प्रत्येकाच्या मागं पत्ता होताच. सोबत चिठ्ठी: तुमचा फोटो एका दुकानात काचेखाली मांडलेला होता. येणारे-जाणारे बघत होते. मी काढून आणला. आता तुमचा तुमच्याकडं.

उत्तरं आली तेव्हा मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. एका बापानं लिहिलं, आमचं जमत आलेलं स्थळ मोडणारी तू कोण. एकीचं दरम्यान लग्न झालं होतं. पाकीट तिच्या नवऱ्यानं फोडलं. तिनं दुसऱ्याच्या हातानं दोन ओळी लिहून घेतल्या, ताई, पाया पडते, पुन्हा लिहू नका. हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. पाकीट कुणाच्या हातात पडेल ह्याचा विचार न करता मी ते टाकलं, हा दोष माझा. त्या दोन ओळी मी जपून ठेवल्या आहेत.

तिघींनी त्याची पत्रं मला पाठवून दिली. तिन्ही पत्रांचं पहिलं वाक्य एकच. तुमचं अक्षर बघून वाटलं, आपली ओळख जुनी आहे. त्यातल्या एकीला लिहिता येत नव्हतं. तिचं पत्र तिच्या भाच्यानं लिहिलं होतं. म्हणजे ओळख जुनी होती ती भाच्याची.

मी त्या दिवशी खूप हसले. मग माझं घडीवर फाटलेलं पत्र काढलं आणि चुलीत घातलं.

हार घातलेल्या त्या गोरीचं पत्र सगळ्यात शेवटी आलं. खानापूरकडची, दवाखान्यात नर्स. तिनं लिहिलं, "तो हार मला मानेला टोचत होता. तुला पण?" मला पण टोचत होता. आम्ही अजून लिहितो. वाघाचं, जळवांचं, म्हातारपणाचं, सगळं आता मी तिला लिहिते. त्या जाहिरातीतून मला जे काही मिळालं ते एवढंच, आणि ते त्यानं दिलेलं नाही.

पुढच्या वर्षी मी स्वतः जाहिरात दिली. त्याच पेपरात. अंगणवाडी शिक्षिका, वय सत्तावीस, रंग सावळा, घरी आई. मुलगी बघायची असल्यास दिग्गीकडं चालत यावे. फोटो मिळणार नाही. पेपरच्या माणसानं शेवटचं वाक्य गाळायला सांगितलं. म्हणाला, अशानं कोण येणार? मी म्हटलं, ते गाळायचं असेल तर बाकीचंही गाळा.

आजपर्यंत तिघं निघाले. एक जोयड्यावरनंच परत गेला. दुसरा निम्म्या चढावरून, पायाला जळू लागली म्हणून. तिसरा पोचला. पाय धुतले, आमच्या पडवीत बसला. आईनं उकडलेले कंद पुढं केले ते त्यानं खाल्ले, मागून घेतले. बोलला नीट. माणूस वाईट नव्हता. मला आवडला होता, हेही सांगते. उठताना म्हणाला, "एक फोटो असला तर द्या. घरी दाखवतो. दोस्तांना पण विचारतो जरा."

"मी समोर बसलीया न्हवं," मी म्हटलं. "तुमाला काय वाटलं ते सांगा."

"तसं न्हवं. रीत असती."

"मग न्हाई जमायचं."

तो गेल्यावर आई माझ्यावर चिडली. पहिल्यांदाच. रडलीसुद्धा. "एवढं चालून आला गे. असा परत कोण येणार हाय?"

"न्हाई आलं तर न्हाई आलं."

मला आता एकतीस चालू आहे. म्हातारी व्हायची भीती अजून वाटते, गेलेली नाही. माझा फोटो ट्रंकेत आहे, तळाला, पालथा. तो कुणाच्या टेबलावर जाणार नाही. ज्याला यायचं आहे त्यानं यावं. वाट दोन तासांची आहे, चढाची आहे, आणि मी अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा उतरून येणार नाही.