ढकलगाडीला दुसरं इंजिन

आमच्या घरात खाणारी तोंडं तीन आणि कमावणारी एक. ती कमावणारी म्हणजे बाबांची टॅक्सी. गोल पाठीची, पांढरी, माझ्याहून वयाने मोठी. वेंगुर्ल्यातून कुठेही जायची. फक्त चढ आला की आम्हाला उतरून तिला न्यावं लागायचं. भाडं नसलं की मी आणि आई मागून ढकलायचो, भाडं असलं की बाबा अदबीने म्हणायचे, "वायच उतरा, पाय मोकळे करा, वारो बरो आसा." आंबोलीच्या घाटात पाय इतके मोकळे व्हायचे की काही गिऱ्हाइकं पुढच्या खेपेला एसटीने गेली. ज्या महिन्यात भाडी नसत त्या महिन्यात आम्ही पेज जेवायचो आणि बाबा गाडी पुसायचे.

त्याच गाडीवर मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. घरातली पहिली पदवी. "चेडू शिकान काय करतला?" असं विचारणारे नातेवाईक पेढे खायला मात्र वेळेवर आले.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले आणि गाडीच्या इंजिनाने माझी नोकरी लागल्याचं ऐकून सुटकेचा श्वास सोडला असावा, कारण त्याच वर्षी ब्लॉकला तडा गेला. गाडी काजूखाली उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली. बाबा रोज सकाळी आत बसून स्टिअरिंगवर हात ठेवायचे आणि चहा प्यायला घरात यायचे, जणू कुडाळहून परतलेत. भंगारवाला दोनदा बघून गेला. मी म्हटलं, दुसरं इंजिन घालू. बाबांनी अट घातली, "एका दमात आंबोली चढली तर ठेवतलंय. नाय तर भंगारवाल्याक बोलवतंय. तिका अशी बसलेली माका बघवणा नाय."

जेटीवर एक मेस्त्री होते. तीस वर्षं होड्यांना इंजिनं बसवलेली. त्यांच्याकडे मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन पडून होतं, पावतीसकट. होडीत घालायचं म्हणून आणलेलं. इंजिन बदलायच्या परवानगीचे कागद मी केले. आमच्या आळीत ज्याच्या घरी सायकलसुद्धा नाही तो प्रत्येक माणूस मोटारीतला जाणकार आहे. ते सगळे काजूखाली जमले आणि इंजिन बसणार नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. आळीत एकमत झाल्याचं मी प्रथमच पाहिलं.

इंजिन जीपचं, गिअरबॉक्स आमचा जुना. दोघांची भोकं जुळत नव्हती, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट हवी होती. क्लच प्लेट तर बाहेरून इंजिनाच्या मापाची आणि आतून गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दातांची हवी. कोल्हापूरपर्यंत जाऊन, दात मोजून मोजून मी ती शोधली. दुकानदाराने विचारलं, "ताई, कोण मेकॅनिक आहे?" मी सांगितलं, "मीच." त्याने माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघून घेतलं.

मधल्या प्लेटचं ड्रॉइंग मी स्वतः केलं. मिलिमीटरपर्यंत. मेस्त्री कागद लांब धरून बघत राहिले.

"बाय, ह्या कागदार बरा दिसता. पण लोखंडाक वाचूक येणा नाय."

"तुम्ही फक्त कापून आणा, मेस्त्रीनू. हिशेब माझो."

प्लेट आली. इंजिनाला झकास बसली, गिअरबॉक्सला एकही बोल्ट जाईना. इंजिनाची पाठ आणि गिअरबॉक्सचं तोंड एकमेकांकडे बघतात. मी दोघांचे छाप समोरून घेतले आणि एकाच कागदावर जसेच्या तसे उतरवले. त्यातला एक उलटा करायला हवा होता. आरशात डावं-उजवं उलटं होतं, हे मी दर वर्षी पोरांना शिकवते. उत्तर चुकलं की गुणही कापते.

मेस्त्री हसले नाहीत. मला त्याचा राग जास्त आला. त्यांनी गिअरबॉक्सच्या तोंडावर पुठ्ठा ठेवला, कडेकडेने हातोडी ठोकली. भोकं पुठ्ठ्यावर उमटली. होडीचं गॅस्केट ते असंच कापतात. तोच पुठ्ठा उचलून त्याची दुसरी बाजू इंजिनाला लावली, तिथेही ठोकला. झालं ड्रॉइंग.

"आणि ही पयली प्लेट?" मी विचारलं.

"भिंतीक टांग. पदवीच्या बाजूक."

माझी पाळी रेडिएटरच्या वेळी आली. मेस्त्रींना जुना, चिमुकला रेडिएटरच पुरेसा वाटत होता.

"मोठो कित्याक होयो? होडयेक खंय आसता रेडिएटर?"

"होडी समुद्रात बसता, मेस्त्रीनू. ही घाटात जातली. समुद्र मागसून येवचो नाय."

ते उठले आणि टेम्पोचा मोठा रेडिएटर घेऊन आले. तो बसवायला गाडीची पुढची पट्टी कापावी लागली तेव्हा बाबा घरात जाऊन बसले.

रविवारी निघालो. बाबा चालवायला, शेजारी मेस्त्री, मागे मी आणि आई. घाट सुरू झाला. तापमानाचा काटा मध्यावर, इंजिन खणखणीत. मी मनातल्या मनात पदवीला नमस्कार केला. आणि एका चढाच्या वळणावर बाबांनी करकचून ब्रेक मारला.

"उतरा."

मी आणि आई उतरलोसुद्धा. मी चाकामागे लावायला दगड शोधला, आईने पदर खोचला. मेस्त्रींनी खिडकीतून डोकं काढलं. "काय झाला रे? इंजिन तर चालू आसा!"

बाबा स्टिअरिंगकडे बघत होते. या वळणावर ते नेहमी थांबायचे. गाडी थांबली नव्हती, बाबा थांबले होते.

आई म्हणाली, "ढकलूचा नाय तर माका कित्याक आणलात?"

"बस गे," बाबा म्हणाले.

एका दमाची अट बाबांनी स्वतःच मोडली होती. त्यांनी गाडी घाटाच्या पायथ्याशी परत नेली. पहिल्यापासून पुन्हा चढलो, आणि त्या वळणावर मेस्त्री मोठ्याने म्हणाले, "उतरूचा नाय हां!"

गाडी एका दमात आंबोलीला पोचली. कोणीही उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.