नऊ नंबरचा बूथ

सर प्रश्न विचारत आणि गप्प होत. आपल्या तोंडाकडेही बघत नसत, खांद्यावरून मागे कुठेतरी बघत. आपण उत्तर दिलं नाही तर पुढचा प्रश्न नाही, खोकणं नाही, काही नाही. शेवटी आपणच अवघडून विचारायचं, "काय झालं सर?"

"जागा सोडली आहे जी," ते म्हणत. "बोला."

बाजारात टोमॅटोचा भाव विचारूनही ते असेच उभे राहत, आणि भाजीवाला न मागता भाव कमी करी. माझ्या मुलीला मराठी कळायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. ती त्यांना एकदा म्हणाली, "अंकल, आप बीच में बंद क्यों हो जाते हो?" त्यांनी तिच्यासाठीही जागाच सोडली. ती आतल्या खोलीत पळाली. "मला भीती वाटते त्यांची," असं तिनं आईला सांगितलं, आणि तेही मराठीत.

चंदीगडला आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये ते एकटे राहत. मूळचे अमरावतीकडचे. एका तंत्रशिक्षण संस्थेत ते इंग्रजी शिकवत आणि घरी अस्सल वऱ्हाडी बोलत. मी सेक्टर तीसमध्ये, सरकारी उपकरणांच्या प्रयोगशाळेत होतो. एका रविवारी ते दारात उभे राहून म्हणाले, "तुमी यंत्रं दुरुस्त करता म्हणते. माझी भाषा बिघडून राहिली जी." मी हसलो. मग कळलं की त्यांच्या संस्थेतले टेपरेकॉर्डर बिघडले होते.

तिथली मुलं बहुतेक खेड्यांतली. वर्कशॉपमध्ये त्यांचे हात नीट चालत, पण पुस्तकं इंग्रजीत, व्याख्यानं इंग्रजीत आणि तोंडी परीक्षाही इंग्रजीत. परीक्षकानं साधं विचारलं तरी मुलगा घाम पुसत उभा. म्हणून सरांनी एका खोलीत प्लायवूडचे बूथ ठोकून घेतले होते. प्रत्येक बूथमध्ये एक टेपरेकॉर्डर, एक हेडफोन, एक माइक. टेपवर सरांच्या आवाजात प्रश्न, मग कोरी जागा, मग पुढचा प्रश्न. मुलानं त्या कोऱ्या जागेत उत्तर द्यायचं. ते तिथे रेकॉर्ड होई आणि मग आपलंच बोलणं आपल्याला ऐकता येई. सरांची बोलण्याची खोड या टेपांमधून आली, की टेपा त्या खोडीतून आल्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नऊ नंबरच्या बूथमध्ये मुल्लानपूरकडच्या एका खेड्यातला उंच मुलगा बसायचा. तोंडी परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. आणखी एकदा नापास झाला असता तर डिप्लोमा हातचा गेला असता. घरी फक्त आई. सरांनी त्याच्यासाठी वेगळी टेप बनवली. पहिले काही आठवडे कोऱ्या जागांत नुसता त्याचा श्वास ऐकू येई. मग "येस सर" आलं. मग एक दिवस "आफ्टर डिप्लोमा आय विल गो टु कॅनडा, सर." त्या दिवशी सरांनी आमच्याकडे येऊन दोनदा चहा घेतला.

पंजाबातले ते दहशतीचे दिवस कसे होते, हे तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ऊन उतरलं की ते रुंद रस्ते धुतल्यासारखे रिकामे होत. बसमध्ये शेजारी कोण बसलंय ते लोक बघत, पण बघतोय हे कळू देत नसत. एका दुपारी शेवटचा प्रश्न यायच्या आत तो मुलगा हेडफोन खाली ठेवून उठला. अंधाराआधी गावची बस गाठायची होती. बस गावात पोचली, तो पोचला नाही. कोणी उतरवून नेला? काही जण एक नाव घेत, काही जण दुसरं, तेही दार लावून. चौकशी करणं हेही धोक्याचंच होतं.

त्याचं सामान न्यायला त्याची आई आली. साधी, शेतात राबणारी बाई. सरांना काय बोलावं सुचेना. त्यांनी तिला नऊ नंबरमध्ये बसवलं, ओढणीवरून हेडफोन लावला आणि टेप सुरू केली. एवढ्यासाठीच, की मुलगा किती शिकला होता ते तिला ऐकू यावं.

ती ऐकत राहिली. मग एकदम हसली. "अंग्रेजी बोलदा ए! कॅनडा केहा ना उसने? पहुँच गया, मास्टरजी?"

तिला तो फोन वाटला होता.

मला वाटतं, सरांनी नेहमीसारखी जागा सोडली. पण या वेळी उत्तर त्यांनी द्यायचं होतं, आणि जागा भरली तिनं. "पहुँच गया," तीच म्हणाली आणि हेडफोनवर तळहात दाबून धरला.

त्यानंतर ती येतच राहिली. कधी ताक, कधी मोहरीच्या पाल्याचं साग घेऊन. सरांनी मला बोलावून सांगितलं, "नऊ नंबरची रेकॉर्डिंगची वायर काढून ठेवा जी. ती माइकात बोलते. पोराचा आवाज पुसून जाईन." मी वायर काढली, टोक चिकटपट्टी लावून बंद केलं. म्हणजे त्या यंत्रावर आता फक्त ऐकता येणार होतं.

मी तिथे असताना ती एकदा आली. मी शेजारच्या बूथमध्ये यंत्र उघडून बसलो होतो आणि त्याच टेपची जोडणी माझ्याही कानात होती. टेपवर सर धातूविषयी विचारत होते, "इज द मेटल हॉट?" त्याच वेळी ती माइकात विचारत होती, "पुत्त, ओथे ठंड ए?"

"नो सर. नाऊ इट इज कोल्ड."

ती माझ्याकडे वळली. "की केहा?"

मी काट्यावर आणि आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस. जे बोललं गेलं होतं तेच मी सांगितलं, "ठंडा है, कह रहा है."

"स्वेटर पाया?" घातलास का, असं तिनं माइकात विचारलं.

"येस सर," टेप म्हणाली.

टेप तीच होती. दर वेळी तीच असते, हे मला माहीत होतं. तरी मी जोडणी पुन्हा एकदा तपासून बघितली. शेवटी सरांचा प्रश्न आला, "व्हेन विल यू कम अगेन?" आणि पुढे नुसती खरखर. त्या खरखरीत ती ताठ बसून राहिली. टेप संपून रीळ नुसतं फिरायला लागलं तेव्हा उठली. जाताना सरांना म्हणाली, "आखिरी बात का जवाब नहीं देता. आप उससे फिर पूछो."

त्या संध्याकाळी मी वर गेलो. "सर, हे थांबवा. खरं काय ते सांगून टाका तिला."

"कोणतं खरं जी? त्याले मेलेला कोणी पाहिला?"

"मेला असं सांगू नका. ही टेप आहे, एवढं तर तुम्हाला माहीत आहे ना? एवढंच सांगा."

"वर्गातला एक पोरगा म्हणून राहिला होता, सर, शेवटच्या प्रश्नाले मी उत्तर देतो, 'सून' म्हणतो, म्हंजे लवकरच. त्याचा आवाज तिच्या पोरासारखाच लागते." ते हसले नाहीत. "एका शब्दाचं काम आहे."

"तुम्ही तसं करणार?"

ते माझ्या खांद्यावरून मागे बघू लागले. बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांसाठी जागा सोडून बसलो होतो. मग मी उठून खाली आलो.

त्यानंतर ती बाई दिसली नाही. मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "येऊन गेली ती." कधी, काय बोलली, काही नाही. बाजारात मात्र ते आता भाव विचारून थांबत नसत. भाजीवाला सांगेल तो देऊन निघत. पुढच्या सुट्टीत गावी गेले आणि तिथेच झोपेत गेले. क्वार्टर रिकामं करायला पुतण्या आला होता.

काही वर्षांनी त्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे ठरले. जुन्यातलं काय वापरण्यासारखं आहे ते बघायला मला बोलावलं. भर दुपारची वेळ, बाहेर मुलांचा गलका. नऊ नंबरचं यंत्र मी उघडलं आणि थबकलो. मी काढलेली वायर परत जोडलेली होती. जोडावरचा कथलाचा डाग माझा नव्हता. गोळा होऊन बसलेला, नवख्या हाताचा डाग होता. इंग्रजीच्या मास्तरानं मारलेला.

टेप यंत्रावरच होती. मी हेडफोन लावला. मुलाची उत्तरं जशीच्या तशी होती. येस सर. कोल्ड. कॅनडा. मग सरांचा आवाज आला, गेलेल्या माणसाचा आवाज, अगदी कानाशी, "व्हेन विल यू कम अगेन?"

मी 'सून' ऐकण्याची तयारी केली होती.

यंत्रावरचा आवाजाचा काटा हलला. एक लांब श्वास आला आणि मग त्या बाईचा आवाज, रडका नाही, शेतावरून घरी हाक मारावी तसा.

"तू ना आवीं, पुत्त. मैं आवांगी."

तू येऊ नकोस, मी येईन. म्हणजे सरांनी तिला सांगितलं होतं. ही टेप आहे, त्यानं ही एक जागा सोडली आहे, बोला, असंच सांगितलं असणार.

तिच्या बोलण्यानंतरही कोरी टेप उरली होती. खरखर चालू होती. बंद करायला मी बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. काटा अजून पुरता खाली आला नव्हता.