उत्तम स्थितीतलं जंगल

“वाक. अजून वाक,” म्हणत आमचे मुकादम तोडणाऱ्याच्या पाठीवर पंजा ठेवायचे. सागाचं झाड अगदी जमिनीलगत तोडायचं, हा त्यांचा हट्ट. उभ्याउभ्या कुऱ्हाड चालवणाऱ्याला त्यांच्या टोळीत जागा नव्हती.

“मुकादम, आता जमिनीत घुसू का?” माझ्या वडिलांनी एकदा वैतागून विचारलं.

“घुस की. पाय धरून मी वढीन भायेर.”

पेठकडच्या आमच्या गावात जंगल कामगारांची सोसायटी होती. सरकार दर वर्षी तिला जंगलाचा एक तुकडा तोडायला आखून द्यायचं. त्याला कूप म्हणत. पाऊस संपला की गावाला त्यावर काम मिळे. तोडल्यावर मुकादम खोडाचा माथा उतरता तासायचे, पाणी साचून तो कुजू नये म्हणून. पुढं त्या बुंध्याला फुटवे आले, की एक धट्टाकट्टा ठेवून बाकीचे छाटायचे. ठेवलेल्याला ते पोरगा म्हणत. “ह्यो पोरगा ऱ्हायला, म्हंजी झाड मेलं नाय.”

ऐंशीनंतर जंगल वाचवायचं म्हणून तोडीवर बंधनं आली. हेतू वाईट नव्हता, असं मला आजही वाटतं. पण आमच्या सोसायटीला कूप मिळेना. गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नाशिकहून सुट्टीला आलो, तर मुकादम दारात हजर.

“अर्ज लिव. सायबाला म्हणावं, आमी तोडलेलं जंगल येऊन बघा.”

मी लिहिलं. जंगल खात्याचे साहेब खरंच आले.

वीसेक वर्षांपूर्वी तोडलेल्या कुपात मुकादमांनी त्यांना नेलं. सरळसोट साग उभे होते. मुकादम एकेका झाडाचं बूड दाखवत होते. “सायेब, हे आमीच तोडलेलं. हे बी. ह्यो पोरगा मीच ठिवला.”

साहेब मान वर करून शेंड्यांकडे बघत राहिले. “सुंदर! आणि असं जंगल तोडायचं म्हणता?”

मुकादम हसले. त्यांना ती शाबासकी वाटली. मला मात्र साहेबांचा रोख कळला होता. नीट तोडलं म्हणूनच हे पुन्हा उभं राहिलं, एवढंच त्यांना कुणीतरी सांगायचं होतं. शिकलेला मीच होतो, आणि माझ्याच तोंडून शब्द फुटला नाही.

उत्तर दिवाळीच्या सुट्टीत आलं. मुकादमांच्या अंगणात मी वाचलं : सदर जंगल उत्तम स्थितीत असल्यामुळे तोडीस मंजुरी देता येत नाही.

“उत्तम लिवलंय?”

“हो.”

“शिक्का हाय?”

“आहे.”

“पुन्यांदा वाच.”

या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. “मंग आमी काय करायचं, ते नाय लिवलं?”

“नाही.”

आठवड्याभरात ते बायकोमुलांसह जीपमध्ये दाटीवाटीनं बसून द्राक्षबागेच्या कामाला गेले.

नंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, नाशिकजवळच्या एका बागेत. तिथला मुकादम पंचविशीचा असेल. तो “ए म्हाताऱ्या, हात उचल” म्हणाला, आणि आमचे मुकादम “जी” म्हणाले. मी तारेच्या कुंपणापासूनच परत फिरलो. ओळखीच्या माणसादेखत त्यांना ते ऐकावं लागू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.