रबरबाईची दोन मिनिटं

रबरबाईच्या गळ्यात कायम लाल, हिरवे, निळे रबरी पट्टे लोंबकळत असायचे. व्यायामाला लागतात तसले, हातभर लांब. ती ते काढायचीच नाही. स्कूटरवर तेच, भाजीच्या गाड्यापाशी तेच, एकदा तर म्हणे कुणाच्या साखरपुड्याला भरजरी साडीवर तसेच घालून आली होती. गारखेड्यातल्या पोरांनी तिला रबरबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव साऱ्या कॉलनीनं उचललं. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, "चालतंय की! डॉक्टर म्हटलं की लोक गोळ्या मागतेत. रबरबाईला कोण गोळ्या मागणार?" ती फिजिओथेरपिस्ट होती, मूळची खुलताबादची, आणि माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी तरी लहान.

मी तिच्याकडे गेले ती दुष्काळाची सलग वर्षं होती. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. बायपासला उंचच उंच इमारती उठत होत्या, रोज नव्या स्कीमच्या जाहिराती, आणि आमच्या नळाला पाच-सहा दिवसांनी एकदा पाणी. तेही कधी येईल याचा नेम नाही, आणि वर चढेल याचा तर नाहीच नाही. मी शाळेत मराठी शिकवायचे. लग्न केलं नाही. दुसऱ्या मजल्यावर मी आणि आई. आईला अर्धांगवायू होऊन उजवी बाजू गेलेली. तिला उठवणं, बसवणं, संडासला नेणं, सगळं माझ्या अंगावर. अशात एका पाण्याच्या दिवशी भरलेली कळशी घेऊन जिना चढताना कमरेतून टाचेपर्यंत अशी काही कळ गेली, की मी पायरीवर बसले ती उठलेच नाही. शेजारच्या दोघांनी धरून वर आणलं.

मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. फरक पडला नाही तर ऑपरेशन. पुण्याच्या भावानं फोनवरच निकाल लावून टाकला. "आईला इकडे एका केअर सेंटरमध्ये ठेवू. तुझ्याच्यानं आता व्हायचं नाही. दिवाळीला येतो आणि घेऊनच जातो." तो वाईट नाही हो, पण दुरून सगळं सोपं दिसतं. आईनं ते ऐकलं. तिला तेव्हा 'बास' या एका शब्दाशिवाय काही धड बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी तोही आला नाही. डाव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरून ती पडून राहिली. दिवाळीपर्यंत माझी कंबर उभी राहिली नाही तर आई जाणार, एवढं मात्र आम्हा दोघींना कळलं होतं.

रबरबाईच्या पाटीवर 'क्लिनिकल पिलाटीज' असं लिहिलं होतं. मला वाटलं, झालं, आता श्रीमंत बायकांची थेरं करायची. मी वैतागून विचारलं, "हे योगच ना?" ती म्हणाली, "व्हय, योगाचा लांबचा पाहुणा. पण ह्या पाहुण्याला आधी एमआरआय दाखवावा लागतो." मग तिनं माझे सगळे कागद खिडकीशी धरून शांतपणे पाहिले, मला वाकवलं, वळवलं, पाय उचलायला लावला, आणि गादीवर उताणं झोपवून कमरेखाली चक्क बीपी मोजायचा पट्टा सरकवला. त्यात थोडी हवा भरली. पोटाचा खालचा भाग अलगद आत घ्यायचा, श्वास सोडायचा, आणि काटा हलू द्यायचा नाही. बस्, एवढाच पहिला व्यायाम. मी जीव खाऊन पोट आवळलं. "हलला," ती म्हणाली. पुन्हा केलं. "हलला. ताई, लई जोर लावता हो तुम्ही. सगळ्याच कामाला जोर लावायची सवय लागलीय तुम्हाला. आहिस्ता." मला एकदम रडूच फुटलं. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलंच नव्हतं.

तिच्या दवाखान्याचं वेळापत्रक सोमवार-मंगळवारावर चालत नसे, ते पाण्यावर चालायचं. कुठल्या भागात आज पाणी, हे तिला पक्कं ठाऊक. सिडकोत पाणी असेल त्या दिवशी सिडकोचा पेशंट घ्यायचा नाही, कारण कुणी येणारच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सिडकोची रीघ. "काल पाणी होतं का? दिसतंय चालीवरनं," असं म्हणत ती दार उघडायची. बिडकीनचे एक काका तेवढे या हिशेबात बसत नसत. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, दारात मोठी गाडी आली आणि दिवसभर बसून बसून पाठ धरली. ते गादीवर पडल्या पडल्या म्हणायचे, "म्याडम, ह्यापेक्षा नांगर बरा होता." ती म्हणायची, "मग घ्या नांगर!" आणि त्यांच्या पायात लाल पट्टा अडकवून द्यायची. काका पट्टा ओढताना बैलाला घालावी तशी हाळी घालायचे. मी भिंतीकडे तोंड करून हसायचे. हसलं की काटा हलायचा.

दोन महिन्यांत मला बरं वाटायला लागलं आणि तिथंच घात झाला. ती बजावून सांगत होती, पाण्याच्या दिवशी कळशी अर्धीच भरा. आता मला सांगा, पाच दिवसांनी नळ आलाय, खाली अख्खी बिल्डिंग रांगेत आहे, आणि मी अर्धी कळशी भरून बाजूला होऊ? या गावात कुणाचा हात धजेल? मी काठापर्यंत भरली आणि पुन्हा आडवी झाले. ती स्कूटरवर घरी आली, पलंगाशेजारी फरशीवर बसली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तिनं एवढंच विचारलं, "काठोकाठ?" मी मान हलवली. ती कपाळाला हात लावून हसायला लागली. "माझं बी तेच हो. अर्धं भरवतच नाय." मग उठून स्वयंपाकघरात गेली, भांडी धुंडाळली आणि दोन छोट्या बादल्या घेऊन आली. "आता ह्या घ्या. दोन हाताला दोन. आणि भरा काठोकाठ." तेव्हापासून माझ्या घरात कळशी देवापुढं पूजेलाच उरली.

खरी परीक्षा आईची होती. बादली लहान करता येते, आई कशी करणार? रबरबाईनं मला गादीवर तयार करून घेतलं: गुडघे दुमडून कंबर उचलायची आणि खाली आणताना एकेक मणका वेगळा टेकवायचा, धप्पकन नाही. "काचेचं भांडं ठेवता ना, तसं." चार-सहा आठवडे हेच. मला कंटाळा यायचा, रडू यायचं, सोडून द्यावंसं वाटायचं. शाळा, आई, पाणी आणि वर हे. मग एके दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "आजपासून आईला उचलायचं नाय." मी दचकले. "उचलायचं नाय. जवळ घ्यायचं. लांबून ओढता म्हणून कंबर जाते. गुडघ्याला गुडघा लावा, त्यांचा हात गळ्यात घ्या, श्वास सोडा, आणि दोघी मिळून उठा." मी आईला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत तिला मी धरत होते, ओढत होते, सरकवत होते, पण छातीशी घेतलं नव्हतं. आईच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. आम्ही दोघी उठलो. कंबर दुखली नाही.

व्यायाम संपला की तिचं ठरलेलं वाक्य असायचं, "आता दोन मिनिटं आडव्या पडा. काय करायचं नाय." आणि शेजारच्या गादीवर ती स्वतःही पडायची. पट्टे गळ्यातच. मिनिटभरात तिचा घोरण्याचा बारीक आवाज सुरू व्हायचा. सकाळी दवाखाना, दुपारी घरोघरी, संध्याकाळी पुन्हा दवाखाना, आणि मध्ये तिच्याही घरी पाणी भरायचंच होतं. ती किती दमलेली असायची ते मला त्या घोरण्यावरून कळायचं. मी उठवत नसे. दोन मिनिटांची वीस झाली तरी आम्ही दोघी तशाच पडून असायचो, आणि खरं सांगते, त्या वर्षात मला तेवढाच विसावा होता.

दिवाळीला भाऊ आला. नरक चतुर्दशीला मी आईला पलंगावरून खुर्चीत घेतलं, न्हाणीघरात नेलं, अभ्यंगस्नान घातलं, परत आणलं. तो दारात उभा राहून बघत होता. पुढं झाला तर मी म्हटलं, "थांब, मध्ये येऊ नकोस." फराळाला बसल्यावर तो म्हणाला, "पण ताई, हे असं किती दिवस?" मी काही बोलायच्या आत आईनं चकलीचा तुकडा ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "बास." भाऊ एकटाच पुण्याला परत गेला.

पुढं रस्ता रुंदीकरणात रबरबाईचा दवाखाना गेला. पुढची खोली पाडली, मागं गाद्या मावेनात. पडेगावकडे जागा पाहिली, ती परवडेना. शेवटी म्हणाली, "खुलताबादलाच जाते ताई. घाटावरची म्हातारी माणसं खाली शहरात उतरतच नायत, तिथंच कण्हत पडतेत." निघताना तिनं गळ्यातला हिरवा पट्टा काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "अगं, तुझ्यावाचून माझं कसं व्हायचं?" ती म्हणाली, "श्वास तर तुमचाच हाय ना?" आणि स्कूटर सुरू केली. मला तिचा फार राग आला होता. जाणाऱ्या माणसाचा येतो तसा.

त्यानंतर आईनं आणखी तीन उन्हाळे काढले. गेली तोही पाण्याचाच दिवस होता. आता फार वेळ नाही, असं डॉक्टर सकाळी येऊन सांगून गेले होते. दुपारी आईचा श्वास बदलला, आणि मला कळलं की आता तिला जमिनीवर घ्यायला हवं. दारातून शेजारणीला हाक मारली. खालून आवाज आला, "आले, आले! मोटर बंद करून येते!" सगळ्या बिल्डिंगच्या मोटरी चालू होत्या. मी थांबले नाही. फरशीवर सतरंजी अंथरली, वर धुतलेली चादर. आईला पलंगाच्या कडेला बसवलं. गुडघ्याला गुडघा लावला, डावा हात गळ्यात घेतला, जवळ घेतलं. "आहिस्ता," मी मोठ्यानं म्हणाले, तिला की मला कोण जाणे. श्वास सोडला. दोघी उठलो, आणि एक गुडघा टेकत हळूहळू खाली आलो. आधी कंबर टेकवली, मग पाठ, मग खांदे, शेवटी डोकं. धप्पकन नाही. मग तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि पाणी घातलं. थोड्या वेळानं ती गेली.

पहिला फोन मी भावाला करायला हवा होता. केला खुलताबादला. रबरबाई बातमी ऐकून नाक ओढत म्हणाली, "खाली घेताना श्वास सोडला होता ना, ताई?"

"सोडला होता."

"कंबर?"

"ठीक आहे."

"मग आता दोन मिनिटं आडव्या पडा. लोक आले की नाय जमायचं."

जिन्यात बादल्यांचा आवाज येत होता. मी फोन ठेवला आणि आईशेजारी फरशीवर आडवी पडले.