द्यायच्या साड्यांची गादी

साड्या दोनच प्रकारच्या असतात. नेसायच्या आणि द्यायच्या.

जिंतूरच्या बाजारात बन्सीधरशेठच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न हाच: "नेसायला दाखवू का द्यायला?" नेसायच्या साड्या आत, दोन पायऱ्या वर, मोठ्या गादीवर. द्यायच्या खाली, दाराजवळ. त्या विहिणीला, नणंदेला, शेतात राबणाऱ्या बाईला. या साड्यांची घडी बरेचदा मोडतच नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तिथून तिसऱ्या, आणि शेवटी अशा बाईकडे थांबतात जिला पुढं द्यायला कुणी नसतं.

सुकेशनीच्या पेटीतल्या सगळ्या साड्या अशाच येऊन थांबलेल्या होत्या.

ती येलदरीची. दसऱ्याच्या आधी काळीपिवळीत बसून जिंतूरला आली आणि एकेक दुकान विचारत निघाली. दिवाळीपुरती माणसं घेतात असं तिनं ऐकलं होतं. एका दुकानात शिक्षण विचारलं, एका दुकानात वय. एकानं फक्त नाव विचारलं आणि नाव ऐकून जागा भरली म्हणाला. बन्सीधरशेठनंही नाव विचारलं. ती म्हणाली, "सुकेशनी." त्यानं चष्मा पुसला. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला नाव कशाला लागतंय? ताईच म्हनतेत समदे. उद्यापास्नं ये."

घरी सासू, कुसुमबाई, ज्वारी पाखडत बसली होती. तिचं सूप थांबलं नाही.

"आन् कापूस कोन येचनार? एकदा टोळी भरली की मुकादम पुन्हा घेत न्हाई."

"ठावं हाय."

"आपल्यात दिवाळी न्हाई, आन् तू दिवाळीच्या कामाला चाललीस व्हय गं?"

"गिऱ्हाइकाची हाय की दिवाळी, आत्याबाई."

"सावलीतलं काम पायजे म्हन की सरळ!"

"पायजे," सुकेशनी म्हणाली.

तिला तेवढंच पाहिजे होतं. डोक्यावर छप्पर असलेलं काम, दिवसभर ओणवं न राहता करायचं. दिवाळीसाठी शेठनं दोघींना घेतलं होतं. भाऊबीज झाली की त्यातली एक जाणार आणि एक लग्नसराईसाठी राहणार, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

दुसरी प्रियांका. कॉलेजात शिकणारी, पटपट बोलणारी. सुरुवातीला दोघी वरच्या गादीवर बसायच्या. मग एकदा मोरपंखी रेशमी साडी उलगडताना सुकेशनीच्या बोटाबरोबर धागा वर आला. वर्षानुवर्षं कापूस वेचून बोटांची टोकं कानशीसारखी झालेली. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाशेजारी टोचत राहतात. जखम भरते, पण कातडी पहिल्यासारखी होत नाही. शेठनं आधी साडी पाहिली, मग बोट पाहिलं.

"तू खाली बस," तो म्हणाला. "तिथं धागा निघला तरी कुनी बघत न्हाई."

त्यात राग नव्हता. तो खरं तेच बोलत होता.

ती रोज संध्याकाळी पाय घासायच्या वजरीनं बोटं घासायची. आग होईपर्यंत.

"ताई, क्रीम लाव की," प्रियांका म्हणाली.

"साडीला डाग पडला तर?"

"मग साडीलाच इचार, कोनतं लावू!"

दोघी हसल्या. हसताना दोघींनाही ठाऊक होतं की एक जण जाणार आहे. आणि लग्नाचा बस्ता वरच्या गादीवर होतो, खालच्या नाही, हेही ठाऊक होतं.

वसुबारसेच्या दुपारी पार्वतीबाई आल्या. शेठचं जुनं गिऱ्हाईक. बाई खात्यापित्या घरची. बरोबर नवी सून, पदर सारखा सावरणारी.

"या मावशी. नेसायला दाखवू का द्यायला?" सुकेशनीनं विचारलं.

"द्यायला," म्हणत पार्वतीबाई खालच्या गादीवर टेकल्या.

"कुनाला द्यायची?"

"हिलाच की. दिवाळसनाला माहेरी धाडायचीय. मोकळ्या हातानं कशी धाडू?"

सुनेनं वर, आतल्या गादीकडं पाहिलं. मग मान खाली घातली. सुकेशनीचा हात गठ्ठ्यावर होता. तिनं गाठ सोडून साड्या पुढं मांडल्या.

पार्वतीबाईंनी हिरवी निवडली. काठ चमकत होता. "कशी हाय गं?" त्यांनी सुनेला विचारलं. सुनेनं साडीचा पदर चिमटीत चोळून पाहिला आणि सुकेशनीकडं बघून हळूच म्हणाली, "ताई, धुतल्यावर राहील का ही?"

सुकेशनीकडं याच कापडाची एक होती. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते, आणि साडी अंगावर चाळणीसारखी होते. रंग परकराला लागतो. हे सांगायला दोन शब्द पुरले असते. शब्दसुद्धा नको होता. तिनं नुसतं दुसरीकडं पाहिलं असतं तरी पोरीला कळलं असतं. माहेरच्या बायका साडीला हात लावून बघणार, बोलणार काही नाहीत, हे त्या पोरीला कळतच होतं. म्हणून तर विचारत होती.

पार्वतीबाई बघत होत्या. गल्ल्यावरून शेठ बघत होता.

"राहील की," सुकेशनी म्हणाली. आणि थांबता येईना म्हणून पुढं बोलली, "गार पान्यात धुवायची. उनात टाकायची न्हाई."

"गार पान्यात," सून स्वतःशी म्हणाली. चेहरा सैल झाला. तिला ते खरं वाटलं.

"बघ! म्या काय सांगत हुते?" पार्वतीबाई उठल्या.

त्या गेल्यावर शेठनं तिला बोलावलं.

"उद्यापास्नं वर बस. लग्नसराईला तूच थांब."

"बोटं, शेठ?"

"बोटं हुतील नीट. बोलनं शिकवून येत न्हाई. त्या प्रियांकाला काल एकीनं हेच इचारलं, तर म्हनती, न्हाई टिकनार. गिऱ्हाईक पायऱ्या उतरून गेलं."

प्रियांका साड्यांच्या घड्या घालत होती. तिला ऐकू गेलं असावं. "माझी परीक्षाच हाय तशीबी," ती कुणाकडं न बघता म्हणाली.

घरी पोचली तेव्हा कुसुमबाई दारातच होती.

"ठिवलं?"

"ठिवलं."

"मग त्वांड असं कामून?"

"पाय दुखायलेत."

कुसुमबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. पायात चपला घातल्या आणि गल्लीत गेली. सुकेशनी उंबऱ्यावर बसली. पहिल्या घरापाशी सासूचा आवाज आला, सून दुकानात लागली. पुढच्या घरापाशी, सून कायमची लागली, वरच्या गादीवर. त्याच्या पुढच्या घरी कुणीतरी विचारलं, "शेठ एवढा भरवसा ठिवतो व्हय?" आणि कुसुमबाई म्हणाली, "मग! माझ्या सुनंचा शब्द हाय त्यो."

सुकेशनीला त्या हिरव्या साडीच्या पोरीबद्दल विचार करायचा होता. पण आवाज एकेक घर पुढं सरकत होता, आणि ती कान देऊन ऐकत होती. आवाज लांब गेला तशी ती उठून अंगणाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.